आमदार-खासदारांच्या मतांची वही सोलापुरातून कशी ठेवावी?

सातरस्ता (धागाकर्ता)

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात मध्यंतरी एक वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आले, तेव्हा आपल्या आमदारांनी नेमके काय केले, एवढाच प्रश्न होता. चौघांचे म्हणणे असे पडले की पक्ष माहीत आहे म्हणजे मतही माहीत आहे, त्यात शोधायचे काय? मला ते पटले नाही आणि मी सभागृहाची कागदपत्रे चाळायला बसलो. हाती आले ते असे की १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने हे विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. डहाणूचे आमदार विनोद निकोले यांचा विरोध नोंदला गेला, कारण त्यांनी तो बोलून दाखवला. उरलेल्या सभागृहातल्या प्रत्येक सदस्याच्या नावापुढे काय लिहायचे, हे मात्र मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

आवाजी मतदानात अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात, अनुकूल असलेले सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल असलेले ‘नाही’ म्हणतात आणि आवाजाच्या अंदाजावरून ‘होयचे बहुमत’ असा निर्णय दिला जातो. त्या वेळी आपला आमदार बाकावर होता, लॉबीत होता की सोलापूरच्या गाडीत बसला होता, हे त्या आवाजावरून कळत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत पुरेसे असते, मात्र प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदवण्याची अट त्यात नाही. नावे आणि आकडे पाहिजे असतील, तर सभागृहात कोणीतरी ‘पोल’ मागावा लागतो, म्हणजे मतविभागणीचा आग्रह धरावा लागतो, आणि तो मान्यही व्हावा लागतो.

आपल्या विधानसभेत मोजणी झाल्याचे ठळकपणे आठवणारे प्रसंग बहुतेक सरकार टिकते की पडते अशा वेळचेच आहेत. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारने १६९ मते मिळवली, विरोधात एकही मत पडले नाही आणि चार सदस्य तटस्थ राहिले. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ अशी शिरगणती झाली. उलट १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांचे अल्पमतातील सरकार विश्वासाच्या परीक्षेलाही आवाजी मतदानानेच उतरले आणि विरोधकांनी मतविभागणीचा आग्रह धरूनही मते मोजली गेली नाहीत. सरकारच्या जन्ममरणाच्या प्रश्नावर जिथे ही तऱ्हा, तिथे एखाद्या दुरुस्ती विधेयकावर सोलापूर दक्षिणच्या किंवा मोहोळच्या आमदाराचे मत कुठे मिळणार?

तरीही अशी वही ठेवावी, असे माझे मत आहे. ती कशी ठेवावी यावर सूचना हव्यात. पक्षप्रचाराचे प्रतिसाद कृपया टाळावेत.

बार्शीकर

विषय चांगला आहे, पण वहीच्या पहिल्याच पानावर घोळ होऊ नये म्हणून सांगतो. ‘सोलापूर जिल्हा’ असे शीर्षक घालून सुरुवात केलीत तर खासदारांचा रकाना चुकेल. जिल्ह्यात विधानसभेचे अकरा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण आणि पंढरपूर हे सहा सोलापूर लोकसभा मतदारसंघात येतात. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे चार माढा लोकसभेत, साताऱ्यातील फलटण आणि माण यांच्या सोबतीला. आम्ही बार्शीकर राहतो सोलापूर जिल्ह्यात आणि खासदार निवडतो धाराशिवचा. दर निवडणुकीनंतर सोलापुरातले लोक आम्हाला ‘तुमचे खासदार’ म्हणून भलत्याच माणसाच्या कामाचा जाब विचारतात, म्हणून एवढे खरडले.

कोर्टफी

धागाकर्त्यांच्या मित्रांचे ‘पक्ष माहीत म्हणजे मत माहीत’ हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण १९८५ पासून कायद्यानेच तशी व्यवस्था करून ठेवली आहे. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने संविधानात दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. तिच्या दुसऱ्या परिच्छेदानुसार पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा, किंवा मतदानापासून दूर राहणारा सदस्यही, अपात्र ठरू शकतो, जर त्याने आधी परवानगी घेतलेली नसेल आणि पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केलेले नसेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहन प्रकरणात ही अनुसूची वैध ठरवताना, पक्षादेशाचा हा धाक विश्वासमत आणि पक्षाच्या मुख्य धोरणाचे विषय एवढ्यापुरताच राहावा, असा अर्थ लावला होता. प्रत्यक्षात पक्ष सरसकट व्हिप, म्हणजे पक्षादेश, बजावतात आणि सदस्यही आमदारकी पणाला लावून त्याची परीक्षा घ्यायला जात नाहीत.

महाराष्ट्राच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने स्पष्ट केले की प्रतोद, म्हणजे व्हिप बजावणारा सदस्य, नेमण्याचा आणि आदेश देण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्याच्या आमदारांच्या गटाचा, नाही. पक्ष फुटलेला असताना कोणाचा व्हिप खरा, यावर मताचा अर्थच बदलतो. म्हणून वहीत मताशेजारी ‘पक्षादेश होता काय’ असा रकाना असावा. आदेशाखाली दिलेल्या मताला सदस्याची स्वतःची भूमिका समजणे हे पोस्टमनने आणून दिलेले पत्र त्यानेच लिहिले असे समजण्यासारखे आहे.

विडीघरकुल

मला कायद्याची कलमे कळत नाहीत, पण माझी आई आणि दोन मावश्या आयुष्यभर विड्या वळत आल्या, म्हणून एक गोष्ट मांडते. विडी कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता. तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला. ज्या शहराच्या पूर्व भागात घरटी एक तरी बाई सूप मांडीवर घेऊन बसलेली दिसायची, त्या शहराच्या खासदाराचे या संहितेवरचे मत मला पाहायचे होते. सातरस्ता यांना विधानसभेत जे दिसले तेच मला लोकसभेत दिसले. २२ सप्टेंबर २०२० रोजी बहुतांश विरोधकांनी कामकाजावर बहिष्कार टाकलेला असताना तिन्ही कामगार संहिता आवाजी मतदानाने संमत झाल्या आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही तसेच झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागूसुद्धा झाल्या. ज्या कायद्याचा आमच्या घरातल्या पासबुकापासून प्रॉव्हिडंट फंडापर्यंत सगळ्याशी संबंध येतो, त्याच्यावर सोलापूरचे म्हणून एकही मत कागदावर नाही.

दुसरी गोष्ट जीएसटीची. विडीवरचा कर २८ टक्के होता, तो १८ टक्के करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला, तेव्हा आमच्या भागात श्रेयाचे फलक लागायला वेळ लागला नाही. पण हा निर्णय जीएसटी परिषदेचा असतो. तिथे केंद्रीय अर्थमंत्री आणि राज्यांचे मंत्री बसतात, खासदार म्हणून कोणालाही तिथे मत नसते. खासदार पत्र देऊ शकतो, सभागृहात प्रश्न विचारू शकतो. ते पत्र आणि तो प्रश्न दाखवणाऱ्याचा फलक मी मान्य करीन.

होटगीरोड

सर्वांची क्षमा मागून विरोधी सूर लावतो. आमदाराने मुंबई-नागपुरात काय मत दिले याच्याशी सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला काय देणेघेणे आहे? इथले मोठे प्रश्न सभागृहातल्या मतावर सुटलेलेच नाहीत. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, ती कोणत्याही विधेयकाने नव्हे. ती विमानसेवेच्या आड येते की नाही, यावर वर्षानुवर्षे मोर्चे, न्यायालये, नोटिसा आणि पत्रकार परिषदा झाल्या. कुंभारीच्या रे नगरचेही तसेच आहे. तीस हजार असंघटित कामगारांच्या घरांचा तो प्रकल्प नरसय्या आडम यांनी लावून धरला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातील पंधरा हजार घरांचे हस्तांतर झाले, तेव्हा ते आमदार नव्हते. तुमच्या वहीत अशा कामाला रकानाच नाही. मग ती वही काय उपयोगाची?

कंबरतलाव

होटगीरोड यांच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या नोकरीच्या अनुभवातून देतो. मी एका जिल्हास्तरीय सरकारी कार्यालयात होतो आणि अधिवेशन सुरू झाले की आमच्या रजा बंद होत असत. मंत्रालयातून तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, येई, त्याच्यावर ‘अत्यंत तातडीचे’ असा शिक्का असे आणि त्याच संध्याकाळपर्यंत माहिती मागितलेली असे. प्रश्नाची भाषा ठरलेली असते: अमुक गावी अमुक योजनेत गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराची भाषाही तितकीच ठरलेली: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘चौकशी सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचणाऱ्याला हा निव्वळ उपचार वाटेल, परंतु सहा महिने हलली नव्हती ती फाइल एका प्रश्नामुळे चार तासांत साहेबांच्या टेबलावर गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. सभागृहातील कामाचा सोलापूरच्या रस्त्याशी संबंध येतो तो इथे. मतांपेक्षा प्रश्नांची नोंद ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन.

मात्र प्रश्न मोजण्यात एक मोठी फसगत आहे. एकाच प्रश्नाखाली पाच, दहा, कधी त्याहून जास्त सदस्यांची नावे असतात. कोणी मूळ अभ्यास केला आणि कोणाचे नाव सोबतीला आले, हे यादीवरून समजत नाही. त्यामुळे ‘आमच्या साहेबांनी इतके शेकडे प्रश्न विचारले’ असा फलक दिसला की मी आधी विचारतो की त्यांतील आपल्या मतदारसंघाचे किती, उपप्रश्न विचारायला ते उभे राहिले का, आणि मंत्र्यांनी आश्वासन दिले असेल तर त्याचे पुढे काय झाले. आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधानमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. आमदाराने प्रश्न विचारून आश्वासन मिळवले आणि नंतर त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, असे असेल तर ते वहीत लाल शाईने यावे.

लक्षवेधीचेही, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेचेही, तेच. विधानसभेच्या नियम १०५ खालील ही सूचना देणे वेगळे, ती स्वीकारली जाणे वेगळे आणि पुकारली तेव्हा सदस्य जागेवर असणे आणखी वेगळे. नियम २९३ खालच्या, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरच्या, चर्चेत भाषण झाले असेल तर ते पूर्ण वाचावे. सभागृहाचे कामकाज आता थेट प्रक्षेपित होते, त्यामुळे ‘मी ठणकावून सांगितले’ असे म्हणणाऱ्याचे ठणकावणे किती मिनिटांचे होते, हेही पाहता येते.

सातरस्ता

कंबरतलाव, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझी वही मतांपासून सुरू झाली होती, ती आता प्रश्नांकडे वळवावी लागेल.

होटगीरोड यांच्या आक्षेपातील चिमणीचे उदाहरण मला मात्र उलट्या बाजूने उपयोगी वाटते. तिथे मत नव्हते हे खरे, पण भूमिका होत्या. कोणी कारखाना वाचला पाहिजे म्हणत होते, कोणी विमानतळ सुरू झाला पाहिजे म्हणत होते आणि काही जण व्यासपीठ पाहून दोन्ही म्हणत होते. कोणता नेता कोणत्या तारखेला काय म्हणाला, हे त्या वेळी कोणी ओळीने लिहून ठेवले असते तर आज वाद घालायला कागद तरी असता. भूमिकेची नोंद ठेवताना तारीख, ठिकाण आणि शक्य तितके मूळ शब्द हवेत. ‘अमुक यांचा विरोध’ ही बातमीची ओळ म्हणजे भूमिका नव्हे, कारण विरोध संपूर्ण विधेयकाला होता की एका कलमाला, हे त्यात हरवते.

रे नगरसाठी वेगळा रकाना मी ठेवणार नाही. ते मोठे काम आहे, पण लोकप्रतिनिधीच्या सभागृहातील कामाची वही आणि माणसाच्या सार्वजनिक कार्याचे चरित्र या दोन वस्तू एकत्र बांधल्या की दोन्ही बिघडतात.

होटगीरोड

भूमिकेचा रकाना ठेवणार असाल तर माझा निम्मा विरोध मागे घेतो. उरलेला निम्मा पाणी येईपर्यंत राहील.

कोर्टफी

लोकसभेबद्दल थोडी दिलासा देणारी बाजूही मांडतो, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल की कुठेच काही नोंदले जात नाही. घटनादुरुस्ती विधेयकाला अनुच्छेद ३६८ नुसार विशेष बहुमत लागते, त्यामुळे तिथे मोजणी करावीच लागते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले आणि त्या दोघांपैकी एक, इम्तियाज जलील, महाराष्ट्रातील खासदार होते. साध्या विधेयकावरही विरोधकांनी आग्रह धरला तर आकडे मिळतात. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ अशी विभागणी झाली. अशा वेळी अनुकूल आणि प्रतिकूल सदस्यांची नावे सभागृहाच्या छापील कार्यवृत्तात येतात आणि संसदेच्या संकेतस्थळावर ती वाचता येतात. निकाल जाहीर करताना तो ‘दुरुस्तीस अधीन’ असल्याचे सांगितले जाते, कारण यंत्रावर न उमटलेली मते नंतर चिठ्ठीवरून धरली जातात. म्हणून वर्तमानपत्रातील रात्रीचा आकडा आणि कार्यवृत्तातील आकडा यांत एक-दोन मतांचा फरक दिसला तर लगेच घोटाळा समजू नये.

पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चांतील सहभाग आणि खासगी (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) विधेयके मिळतात. मात्र मंत्री हजेरीपटावर सही करीत नाहीत आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, तर उत्तरे देतात. त्यामुळे मंत्री झालेल्या खासदाराच्या नावापुढे रिकामी जागा दिसली म्हणून त्याला कामचुकार म्हणता येणार नाही. साध्या खासदाराच्या बाबतीतही सही म्हणजे उपस्थिती आणि उपस्थिती म्हणजे सहभाग असे समीकरण मांडू नये. मालमत्ता आणि गुन्ह्यांची शपथपत्रे पाहायची असतील तर ती निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या एडीआर या संस्थेच्या मायनेता संकेतस्थळावर आहेत, पण तो या धाग्याचा विषय नव्हे.

यंत्रमागवाला

एक बारीक शंका आहे. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार मत देतात तेव्हा ‘क्रॉस व्होटिंग’ची चर्चा फार रंगते. जून २०२२ मध्ये तर त्याच्यावर पुढचे सगळे रामायण घडले. ते मत वहीत येईल काय?

कोर्टफी

येणार नाही. आमदारांनी विधान परिषदेसाठी दिलेले मत गुप्त असते, त्यामुळे तिथे नाव घेऊन लिहिलेली प्रत्येक गोष्ट तर्क असते, नोंद नव्हे. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून खुले मतदान आहे, पण तिथेही मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते. खुले म्हणजे मतदारांना खुले, असा त्याचा अर्थ होत नाही.

विडीघरकुल

परिषदेचा विषय निघालाच आहे तर एक विचारते. मी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवले आहे. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असा पाच जिल्ह्यांचा पुणे पदवीधर मतदारसंघ आहे आणि तेवढाच शिक्षक मतदारसंघ आहे. त्या दोन आमदारांना सोलापुरात कोणी ‘आपले आमदार’ म्हणत नाही, पण शाळांच्या अनुदानावर परिषदेत बोलणारे तेच असतात. त्यांची पाने वहीत असणार का?

सातरस्ता

असणार, आणि ती पाने आपणच सांभाळावीत अशी विनंती आहे.

या चर्चेनंतर वहीचे रूप मी असे धरले आहे. प्रत्येक सदस्याच्या पानावर मत, प्रश्न, भाषण आणि सभागृहाबाहेरची भूमिका एवढ्याच नोंदी येतील. मताच्या जागी मोजणी झाली असेल तरच ‘अनुकूल’, ‘प्रतिकूल’ किंवा ‘तटस्थ’ लिहायचे आणि पक्षादेश होता का ते शेजारी. आवाजी मतदान असेल तर ‘आवाजी, नोंद नाही’ एवढेच लिहायचे, पक्षावरून अनुमान काढून ती जागा भरायची नाही. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा समाजाला दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक एकमताने संमत झाले, तिथेही हाच शेरा राहील. एकमत म्हणजे त्या दिवशी गैरहजर असलेल्याचेही मत, असे मला लिहिता येणार नाही. पानावर असे शेरे एकाखाली एक साचतील आणि वही ओकीबोकी दिसेल हे खरे. तशी दिसू द्यावी. आपल्या भागातला उमेदवार पुढच्या वेळी दारात आला की तेच पान त्याच्यापुढे धरून, तुम्ही सभागृहात कधी पोल मागितला होता का, एवढे विचारता येईल.

कंबरतलाव

आणखी एक सुचवतो. अर्थसंकल्पी अधिवेशनातील कपात सूचना सोडू नका. एखाद्या खात्याच्या मागणीत नाममात्र रकमेची कपात सुचवून सदस्य आपली तक्रार मांडतो. ती कपात मान्य होत नाही हे सर्वांना ठाऊक असते, परंतु उजनीच्या पाण्यावर किंवा यंत्रमागाच्या वीजदरावर कोणी सूचना दिली होती हे त्यातून समजते. हे कागद कोणी वाचत नाही, म्हणून त्यात फलकासाठी लिहिलेली वाक्ये कमी असतात. प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचायची मला सवय आहे, तेव्हा शहरातील तीन मतदारसंघांचे प्रश्न मी पाहीन. अक्कलकोट आणि मोहोळसाठी कोणीतरी पुढे यावे.

बार्शीकर

बार्शीचे मी पाहतो. खासदाराच्या पानावर मात्र धाराशिव लिहा.

यंत्रमागवाला

मोहोळ माझ्याकडे द्या. वीजदरावरच्या कपात सूचना मात्र अकराही मतदारसंघांच्या मीच पाहीन, तेवढा हट्ट राहू द्या.